स्फोटानंतरची वर्षे

(सोनगीर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. अवघड विषय गावापुढे सोपा करून मांडला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे, हे आयोजकांनी मला आवर्जून सांगितले. म्हणून आज मी सोपा विषय निवडलेला नाही. अणुस्फोटाचे माणसावर आणि त्याच्या भोवतालावर काय परिणाम होतात, हा आजचा विषय आहे.

आग्रा रोडवरच्या, तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या या गावाला हा विषय कशाला, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. आपला देश अण्वस्त्रधारी आहे. १८ मे १९७४ रोजी आणि पुन्हा ११ व १३ मे १९९८ रोजी पोखरणला स्फोट झाले. शेजारचा देशही अण्वस्त्रधारी आहे. हे शस्त्र आपले रक्षण करते, असे आपल्याला सांगितले जाते. ज्या शस्त्राच्या भरवशावर आपण राहतो, ते वापरले गेले तर काय होते, हे जाणून घेण्याचा हक्क दिल्लीत फायली पाहणाऱ्या माणसाला जेवढा आहे तेवढाच सोनगीरच्या शेतकऱ्याला आणि तांबटाला आहे. आज मला एवढेच सांगायचे आहे; बाकीचे व्याख्यान म्हणजे त्याचा पुरावा.

सुरुवात १ मार्च १९५४ पासून करतो. त्या दिवशी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोटाची ताकद १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमाच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट निघाली. शास्त्रज्ञांनी जी धरली होती तिच्या दुपटीहून जास्त. प्रवाळाची भुकटी होऊन ती आकाशात गेली आणि वाऱ्याबरोबर पूर्वेकडे सरकली. दीडशे किलोमीटरहून दूर असलेल्या राँगेलॅप बेटावर काही तासांनी पांढरी राख पडू लागली. मुले त्या राखेत खेळली. ती पाण्यात पडली, अन्नावर पडली, घामेजल्या अंगाला चिकटली. त्या लोकांना दोन दिवसांनी तिथून हलवले, तोवर उलट्या आणि कातडीची जळजळ सुरू झाली होती. त्याच समुद्रात जपानची एक मासेमारी बोट होती, तिच्यावर २३ जण होते. सगळे आजारी होऊन परतले आणि बोटीचा रेडिओचालक आयकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारला. या माणसांचे कोणाशीही युद्ध नव्हते.

महिन्याभराने, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरू लोकसभेत बोलले. चाचण्या थांबवाव्यात ही त्यांची मागणी पुष्कळांना ठाऊक आहे. तिच्या जोडीला त्यांनी दुसरी मागणी केली होती आणि ती मला तितकीच मोलाची वाटते. या शस्त्रांचे जे परिणाम माहीत आहेत ते, आणि जे नक्की माहीत नाहीत पण संभवतात तेही, जगातल्या लोकांपुढे उघड मांडले जावेत. जाणते लोकमत हाच यावरचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

ही मागणी त्यांनी दुसऱ्यांवर सोपवून दिली नाही. संरक्षण खात्याचे वैज्ञानिक सल्लागार डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्याकडे त्यांनी हे काम दिले. १९५६ साली भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने अणुस्फोट आणि त्यांचे परिणाम या विषयावरचे इंग्रजी पुस्तक छापले, नेहरूंनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि १९५८ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली. या कामात कोठारींना दोघांचे सहकार्य होते. एक डॉ. होमी भाभा. दुसरे डॉ. वसंत रामजी खानोलकर. भाभांचे नाव शाळेतल्या मुलालाही माहीत असते. खानोलकरांचे नाव मात्र महाराष्ट्र जवळजवळ विसरला आहे.

खानोलकरांचा जन्म १८९५ सालचा. घर मराठी, जन्म क्वेट्ट्याचा, वैद्यकीय शिक्षण लंडनमध्ये. मुंबईत परतल्यावर त्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवले. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले, तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक असे त्यांना म्हटले जाते.

त्यांच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. १९४५ साली त्यांनी डॉ. सूर्याबाई यांच्याबरोबर एक निबंध प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे धोतर कमरेला करकचून बांधल्याने त्याच जागी होणारा कातडीचा कर्करोग त्यांनी त्यात नोंदवला. चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्या आंध्र भागातल्या लोकांना टाळूचा कर्करोग होतो, हेही त्या काळच्या त्यांच्या कामातून पुढे आले. आजार नशिबाने येतो असे म्हणून ते थांबले नाहीत. माणूस काय नेसतो, काय ओढतो, काय खातो, कुठे राहतो, हे विचारत ते पेशीपर्यंत पोचले. आजाराचे कारण भोवतालात असेल तर उपायही तिथेच करायला हवा, हा त्यातला धडा.

अशा माणसापुढे अणुस्फोटाचा प्रश्न आला. डिसेंबर १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी १५ देशांची वैज्ञानिक समिती नेमली. अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकाच टेबलाशी बसले होते, जपान होता, भारत होता आणि भारताचे प्रतिनिधी खानोलकर होते. समितीचा पहिला अहवाल १९५८ साली आला. ज्यांच्याकडे बॉम्ब होते आणि ज्यांच्याकडे नव्हते, त्यांनी आकडे समोरासमोर ठेवून तपासले. परळच्या एका प्रयोगशाळेतून निघालेला मराठी डॉक्टर त्या कामात होता, हे खानदेशातल्या मुलांना कळले पाहिजे.

आता परिणामांकडे वळू. ते मी काळाच्या क्रमाने सांगणार आहे. पहिला क्षण, पहिला महिना, पुढची वर्षे.

६ ऑगस्ट १९४५, सकाळचे सव्वाआठ. हिरोशिमावर सुमारे ६०० मीटर उंचीवर बॉम्ब फुटला. अशा स्फोटातली साधारण निम्मी ऊर्जा दाबाच्या लाटेत जाते, एक तृतीयांशाहून थोडी जास्त उष्णतेत आणि उरलेली किरणोत्सारात. आधी पोचते ती उष्णता. या गावाला भट्टीची ओळख आहे. तांबे वितळायला १,०८५ अंश सेल्सिअस लागतात आणि मुशीसमोर उभे राहणे म्हणजे काय, हे इथल्या हातांना ठाऊक आहे. स्फोटाच्या थेट खालच्या जमिनीचे तापमान तीन ते चार हजार अंशांवर गेले होते. कौलांचा पृष्ठभाग उकळून त्यावर फोड आले. एका बँकेच्या दगडी पायरीवर बसलेल्या माणसाच्या जागी काळसर डाग राहिला, भोवतीचा दगड पांढरा पडला. बायकांच्या अंगावर किमोनोची नक्षी भाजून उमटली, कारण गडद रंगाने उष्णता अधिक शोषली.

मागोमाग दाबाची लाट आली. दोन किलोमीटरच्या आतली बहुतेक लाकडी घरे कोसळली. चुली पेटलेल्या होत्या, तारा तुटल्या, आणि अर्ध्या तासात वेगवेगळ्या आगी मिळून एक झाल्या. सुमारे १३ चौरस किलोमीटर शहर जळाले. आगीचे पट्टे तयार करण्यासाठी घरे पाडायच्या कामावर त्या सकाळी शाळकरी मुलांना आणले होते. ती उघड्यावर होती आणि हजारोंनी गेली. तीन दिवसांनी, ९ ऑगस्टला, नागासाकीवर दुसरा बॉम्ब पडला. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे १,४०,००० आणि नागासाकीत सुमारे ७४,००० माणसे मेली, असा अंदाज आहे.

डॉक्टर म्हणून मला इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. हिरोशिमातले नव्वद टक्क्यांहून अधिक डॉक्टर आणि परिचारिका मेले किंवा जखमी झाले. रुग्णालये पडली, औषधे जळाली, पाणी तुटले. आपल्याकडे स्टोव्हच्या भडक्याने भाजलेला एक रुग्ण वाचवायचा तर आठवडेच्या आठवडे जातात. रक्त, सलाईन, जंतुविरहित खोली आणि रात्रंदिवस माणसे लागतात. कोणत्याही जिल्हा रुग्णालयात असे रुग्ण एका वेळी किती सांभाळता येतील, ते बोटांवर मोजता येते. तिथे एका सकाळी हजारो भाजलेले होते आणि सांभाळणारेच भाजलेल्यांत होते. अणुहल्ल्यानंतर वैद्यकीय मदत येईल, असे धरून चालणारी कोणतीही योजना म्हणूनच मला पोकळ वाटते.

आता पहिला महिना. हिरोशिमातल्या एका रुग्णालयाचे प्रमुख डॉ. मिचिहिको हाचिया स्वतः जखमी होते, तरी ते रोज टिपणे ठेवत. सुरुवातीला रुग्णांना उलट्या आणि रक्ती जुलाब होऊ लागले तेव्हा डॉक्टरांना आव आहे असे वाटले. त्यांनी त्या रुग्णांना वेगळे ठेवले. मग अंगावर जखमही नसलेली माणसे आजारी पडू लागली. केस मूठमूठ गळाले. कातडीवर जांभळे ठिपके उठले, हिरड्यांतून रक्त आले, घशात जखमा झाल्या, ताप चढला आणि माणसे गेली. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात टोकियोहून सूक्ष्मदर्शक आला. रक्त तपासले तेव्हा ज्या पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरला सहा-आठ हजार असायला हव्यात, त्या काही रुग्णांत शेकड्यांवर आल्या होत्या.

कारण असे की किरणोत्साराचा सर्वांत मोठा घाव सतत विभागणाऱ्या पेशींवर बसतो. हाडातला मगज रोज नवे रक्त घडवतो, आतड्याचे अस्तर काही दिवसांत नवे होते, केसांची मुळे वाढत राहतात. हे कारखाने बंद पडतात. आधीच्या पेशी संपेपर्यंत माणूस बरा दिसतो, दोन-तीन आठवड्यांनी साठा संपतो. मग साधा जंतूही मारतो आणि रक्त थांबत नाही. संपूर्ण शरीराला साधारण चार ग्रे (ग्रे हे किरणोत्साराची मात्रा मोजण्याचे एकक) एवढा मारा बसला आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. हा मारा लागताना काहीही जाणवत नाही. हिरोशिमाच्या रेडक्रॉस रुग्णालयात तळघरात बंद ठेवलेल्या क्ष-किरणांच्या फिल्मा आपोआप काळ्या झालेल्या सापडल्या. शहरावर काय येऊन गेले, ते त्यांनी सांगितले.

पुढची वर्षे मोजण्याचे काम तर अजून चालू आहे. १९४७ पासून जपानमध्ये एक लाखाहून अधिक लोकांचा आयुष्यभर पाठपुरावा करण्याची व्यवस्था उभी राहिली. त्यातून दिसले ते असे. स्फोटानंतर दोनेक वर्षांनी रक्ताचे कर्करोग वाढू लागले आणि सहा ते आठ वर्षांनी त्यांनी कळस गाठला. सर्वांत जास्त झळ लहान मुलांना लागली. त्यानंतर स्तन, फुप्फुस, जठर, आतडे, थायरॉइड यांचे कर्करोग वाढले आणि ती वाढ त्या माणसांच्या म्हातारपणापर्यंत टिकली. आईच्या पोटात आठ ते पंधरा आठवड्यांचे असताना ज्यांना मारा बसला, त्यांच्यात लहान डोके आणि बौद्धिक अपंगत्व यांचे प्रमाण जास्त आढळले. १९४५ साली जन्मलेलीही नव्हती अशी मुले आयुष्यभर त्या सकाळचे ओझे वाहत राहिली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वाचलेल्यांना स्फोटानंतर जी मुले झाली, त्यांच्यात वारशाने आलेली विकृती वाढल्याचे आजवरच्या अभ्यासात आढळलेले नाही. १९५०च्या दशकात शास्त्रज्ञांना ही सर्वांत मोठी भीती होती. न सापडलेली गोष्ट सापडली म्हणून सांगू नये. अशा अफवांचा भुर्दंड वाचलेल्यांनीच भरला. त्यांची लग्ने मोडली, त्यांनी आपला इतिहास लपवला. खोटी भीती आणि खोटा धीर, दोन्ही माणसाचे नुकसान करतात. खरी माहितीच पुरेशी भयंकर आहे.

आता भोवतालाकडे. हिरोशिमाचा बॉम्ब उंचावर फुटला, त्यामुळे जमिनीची माती त्यात फारशी ओढली गेली नाही. म्हणूनच ते शहर आज नांदते आहे. बॉम्ब जमिनीलगत फुटला तर गोष्ट बदलते. लाखो टन माती वर जाते, किरणोत्सारी होते आणि वारा नेईल तिथे उतरते. बिकिनीच्या स्फोटाने जीवघेण्या प्रमाणात दूषित झालेला पट्टा सुमारे १८,००० चौरस किलोमीटरचा होता. आपल्या धुळे जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,१९५ चौरस किलोमीटर, जळगावचे ११,७६५. दोन्हींची बेरीज करा. नंदुरबारच्या सीमेपासून मुक्ताईनगरच्या पुढेपर्यंत, साक्रीपासून रावेरपर्यंत, एका स्फोटाची धूळ एवढा मुलूख व्यापते.

ती धूळ काय करते? तीत आयोडीन-१३१ असते. आठ दिवसांत ते निम्मे होते, पण तेवढ्यात ते चाऱ्यावर बसते, गाय तो चारा खाते, दूध मुलाच्या पोटात जाते आणि आयोडीन मुलाच्या गळ्यातल्या थायरॉइडमध्ये साठते. राँगेलॅपच्या ज्या मुलांचे वय तेव्हा दहाच्या आत होते, त्यांच्यातल्या बहुतेकांना पुढे थायरॉइडच्या गाठी झाल्या. तीत स्ट्राँशियम-९० असते. ते निम्मे व्हायला सुमारे २९ वर्षे लागतात आणि शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत, दातांत बसवते. तीत सीझियम-१३७ असते, त्याला ३० वर्षे लागतात आणि ते स्नायूंत पसरते. आपल्या दादर ज्वारीचा कडबा, आपले दूध, आपली भाजी आणि आपल्या विहिरी या साखळीच्या बाहेर नाहीत. पाऊस आला तर ढगातली धूळ एकदम खाली येते; ज्या पावसाची आपण वाट पाहतो तोच विष घेऊन उतरतो. राँगेलॅपच्या लोकांना १९५७ साली घरी परत नेण्यात आले. १९८५ साली त्यांनी आपले बेट स्वतःहून सोडले.

१९५८ साली अमेरिकेतल्या सेंट लुई शहरात आयांनी आणि डॉक्टरांनी मिळून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करायला सुरुवात केली. दातांतले स्ट्राँशियम मोजले गेले आणि ते वाढत असल्याचे दिसले. हवेतल्या चाचण्यांविरुद्धच्या लोकमताला त्याने बळ दिले. ऑगस्ट १९६३ मध्ये हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला आणि भारताने त्यावर लगेच सही केली. मोजणारे नागरिक काय करू शकतात, त्याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

वातावरणाचाही विचार करू. शहरे जळाली की काजळी उठते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारत आणि पाकिस्तान यांच्यात हिरोशिमाएवढे १०० बॉम्ब वापरले गेल्याचे गृहीत धरले होते. सुमारे ५० लाख टन काजळी पावसाच्या ढगांच्याही वर जाईल, तिथे पाऊस ती धुऊ शकणार नाही, आणि पृथ्वीचे सरासरी तापमान सव्वा अंशाने उतरेल, असे त्यात निघाले. हंगाम आखूड होतात, पाऊस घटतो. २०२२ सालच्या अभ्यासाने अधिक मोठे युद्ध गृहीत धरले; दोन्ही देशांतल्या युद्धातून जगभर २०० कोटींहून अधिक माणसे उपासमारीने मरू शकतात, असा त्याचा निष्कर्ष आहे. ही गणिते आहेत, त्यांत गृहीतके आहेत. पण एक पाऊस चुकला तर काय होते, हे खानदेशला गणित मांडून सांगावे लागत नाही.

मग बचाव काहीच नाही का? स्फोटाच्या जवळ नाही. दूरच्या धुळीपासून मात्र आहे आणि तो प्रत्येकाला ठाऊक असावा. धुळीचा जोर वेगाने उतरतो: वेळ सातपट झाली की जोर दहापट कमी होतो. पहिल्या तासाला शंभर असेल तर सात तासांनी दहा, दोन दिवसांनी एक. म्हणून पहिले दोन दिवस घरात, भिंतींच्या आत राहणे सर्वांत महत्त्वाचे. साधारण नऊ सेंटिमीटर दाबलेली माती या किरणांचा जोर निम्मा करते. दीड फुटाची मातीची भिंत तो तीसपट कमी करते. आपल्या धाब्याच्या जुन्या घरांच्या जाड भिंती पत्र्याच्या घरापेक्षा कितीतरी बऱ्या. झाकलेले पाणी, बंद डब्यातले अन्न, बाहेरून आल्यावर कपडे काढून अंग धुणे, मुलांना उघड्यावर चरणाऱ्या जनावरांचे दूध न देणे. एवढे केले तर दूरची बरीच माणसे वाचतील. जळालेले शहर मात्र याने वाचत नाही.

नुकसान ठरवायला किती काळ लागतो, तेही पाहा. हिरोशिमाच्या स्फोटानंतर काळा, चिकट पाऊस पडला होता. त्यात भिजलेल्या ८४ जणांना बॉम्बपीडित म्हणून मान्यता द्यावी, असा निकाल हिरोशिमाच्या उच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये दिला. ७६ वर्षांनी. बॉम्बपीडितांनी १९५६ साली, म्हणजे कोठारींचे पुस्तक आले त्याच वर्षी, आपली संघटना उभारली. निहोन हिदान्क्यो हे तिचे नाव. २०२४ साली तिला शांततेचे नोबेल मिळाले. आपल्या अंगावरच्या जखमा त्यांनी जगापुढे पुरावा म्हणून ठेवल्या. खानोलकर सूक्ष्मदर्शकातून जे पाहत होते, ते ही माणसे जगत होती.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरच्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली, याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच विनोबांनी अणुयुगात विज्ञान आणि हिंसा यांची सांगड म्हणजे सर्वनाश आणि विज्ञान व अहिंसा यांची सांगड म्हणजे सर्वोदय, हे सूत्र मांडले. खानोलकरांसारखे शास्त्रज्ञ दुसऱ्या बाजूने तिथेच येतात. ज्या आजारावर उपचार नाही, त्याचे कारण रोखणे हाच वैद्यकाचा सल्ला असतो.

आता माझ्या मागण्या, कारण नुसते भयभीत होऊन घरी जाण्यात अर्थ नाही.

पहिली. १९५६ साली भारताकडे बॉम्ब नव्हता, तेव्हा सरकारने परिणामांचे पुस्तक छापले. आज बॉम्ब आहे, म्हणून त्या पुस्तकाची गरज कितीतरी वाढली आहे. नव्या अभ्यासांसह ते पुन्हा लिहावे, इंग्रजीबरोबर मराठीत आणि देशाच्या सर्व भाषांत छापावे आणि दर दहा वर्षांनी सुधारावे. त्यातले चार धडे शाळेत शिकवावेत. आजीला समजेल असे कोणी ते अहिराणीतून सांगावे.

दुसरी. अण्वस्त्रे आपण प्रथम वापरणार नाही, हे भारताचे जाहीर धोरण आहे. ते ढिले करण्याची भाषा कोणत्याही पक्षाच्या व्यासपीठावरून झाली, तर टाळ्या वाजवण्याआधी आजचे आकडे आठवा आणि वक्त्याला प्रश्न विचारा.

तिसरी. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. संबंध तुटायला आले असतानाही त्यांनी दिल्या आहेत. म्हणजे शत्रुत्वातही शहाणपण टिकू शकते. त्यात भर घालणाऱ्या प्रत्येक वाटाघाटीच्या मागे आपण उभे राहू.

ज्या राज्यकर्त्यांच्या हातात हे शस्त्र आहे, ते आपल्या मतांनी तिथे जातात. त्या शस्त्राचे परिणाम त्यांच्याइतकेच आपल्यालाही पाठ असले पाहिजेत. खानोलकरांच्या पिढीने ती माहिती मोजून, तपासून समोर ठेवली. ती वाचणे, दुसऱ्याला सांगणे आणि तिच्या आधारे सत्तेला जाब विचारणे, हे आता आपले काम आहे.